आतल्या आत चालतं

"ताई, पदर जरा बाजूला घ्या. वायरी दिसत नाहीयेत."

फोटोवाला माझ्या अंगणात उकिडवा बसून मला सांगत होता. डोक्यावर रिकामा हंडा घेऊन मी उभी. घरात पाणी भरलेलं होतं, पण त्याला हंडा पाहिजे होता. पोलक्याचे वरचे हुक काढलेले. छातीला चिकटपट्ट्या, त्यांतून निघालेल्या रंगीत वायरी, आणि कमरेला पट्ट्याने बांधलेलं काळं यंत्र. ओट्यावर सासरा बसला होता. त्याने मान फिरवली. दीर मात्र बघत राहिला.

मी पदर बाजूला घेतला. दवाखान्याचं काम आहे, डॉक्टरपुढे कसली लाज, असं मी मनाला समजावलं. फोटोवाला डॉक्टर नव्हता. ते तर तेव्हाही दिसत होतंच.

मी जव्हारकडच्या वांगणीची. माझं काळीज उडतं. बसल्या जागी एकदम सुरू होतं. छाती अशी धडधडते की वरचं लुगडं हलताना दिसतं. डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार. मग आलं तसं जातं, एकदम. आमच्या रस्त्याला जीप मिळून जव्हारच्या दवाखान्यात पोचेस्तोवर सगळं निवळलेलं असतं. तिथे छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढतात आणि सांगतात, "नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका." मला टेन्शन एकच. तुम्ही खरं मानत नाही.

गेल्या साली भातकापणी उरकून आम्ही नवराबायको भिवंडीकडे बांधकामावर गेलो. डोक्यावर माल घेऊन जिना चढताना धडधड सुरू झाली. मी खाली बसले. जिन्याला कठडा नव्हता. मुकादम खालून ओरडला, "ए, नाटक मत कर." नवरा शेजारीच होता. झोपडीत आल्यावर म्हणाला, "खरंच होतं का गं तुला?" मुकादमाचं बोलणं मी विसरले असते. हे नाही विसरले.

घरी तर ठरलेलंच होतं. दीर म्हणायचा, सोंग. सासू म्हणायची, अंगात वारं आहे, भगताकडे न्या. म्हणजे एक तर मी खोटी, नाहीतर झपाटलेली. आजारी कुणीच म्हणेना. आणि मला दिसत होतं, पुढच्या साली पुन्हा तोच जिना, पुन्हा डोक्यावर माल. एक दिवस मी तिथून खाली पडणार आणि लोक म्हणणार, बाई चक्कर येऊन पडली.

मग पावसाळ्यात जव्हारला शिबिर लागलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्याचं. काळजाचे डॉक्टर येणार म्हणून गावोगाव सांगत सुरेश फिरत होता. हा खोडाळ्याचा, माझ्या जावेचा भाऊ. शिकलेला, त्या दवाखान्याकडेच नोकरीला. पण आमच्या ओट्यावर बसायचा, नागलीची भाकर मागून खायचा, आमच्याच बोलीत बोलायचा. म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. मला मरायची भीती वाटते, हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. ते त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "दिवसभर अंगावर ठेवायचं यंत्र असतं, ताई. काळीज उडालं की त्यात उमटतं. मग कुणाच्या बापाला नाही म्हणता येणार नाही."

कुणाच्या बापाला नाही म्हणता येणार नाही. हे ऐकून मी रडले. खोटं कशाला सांगू.

शिबिरात त्यानेच ते यंत्र माझ्या कमरेला बांधलं. मी उलटसुलट करून बघितलं. आमच्या घरातल्या चार्जरलासुद्धा लाल दिवा लागतो. याला काहीच नाही. मी विचारलं, "याच्यात दिवा लागत नाही?"

"आतल्या आत चालतं ते," सुरेश म्हणाला. "धडधड झाली की हे बटण दाब. भिजवू नको. उद्या सकाळी घेऊन ये."

मी आणि नवरा जीपने घरी आलो तर मागोमाग फोटोवाल्याची गाडी. मग ते हंड्याचं झालं.

तो गेल्यावर मी यंत्राला प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि नागली बेणायला गेले. घरात बसून राहिले असते, पण सुरेशने सांगितलं होतं, रोजचं काम कर, मग ते बरोबर पकडतं. वाकले, गवत उपटलं, उभी राहिले आणि सुरू झालं.

जन्मात पहिल्यांदा मला धडधडीचा आनंद झाला. ये म्हटलं, ये बाई, आज ये. बांधावर बसले आणि बटणावर अंगठा दाबून धरला. घामाने अंगठा सरकत होता, पण मी सोडला नाही. नेहमी वाटतं की थांब, आता थांब. त्या दिवशी वाटलं, अजून थोडी राहा, नीट उमटू दे. पलीकडून सासूने मला छाती धरून हसताना बघितलं. तिचं वारं पक्कं झालं. मी म्हटलं, उद्या बघू कुणाचं खरं ते.

त्या रात्री कुशीवर झोपले नाही, वायर निघेल म्हणून.

सकाळी जव्हारला शिबिरात गेले. नवरा बरोबर आला. त्यालाही दाखवायचंच होतं मला. टेबलावरच्या पोरीने यंत्राचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाली, "सर, यात सेलच नाहीये."

डॉक्टर मोबाईलमध्ये बघत होता. "अगं, तो डेमोचा पीस. फोटोसाठी दिला होता. मशिनी कुठे आल्यात या वेळी?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पुढच्या वेळी तुमचं नक्की करू."

मी म्हटलं, "काल मला धडधड झाली. शेतात."

"होतं असं कधीकधी. घाबरायचं नाही." मग हसू दाबत त्याने विचारलं, "बटण दाबलंत का?"

"दाबलं."

ते हसले. डॉक्टर हसला, फोटोवाला हसला. मी सुरेशकडे बघितलं. तोही हसत होता. ओठ आवळून, खाली बघत, पण हसत होता.

"तुला माहीत होतं?" मी आमच्या बोलीत विचारलं.

तो मराठीत बोलला. "ताई, फोटोपुरतं होतं ते. आधी फोटो जातात, मग देणगी येते, मग मशीन येतं. तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं."

आमची बोली त्याला तेवढ्यापुरती नको झाली. नवरा माझा दंड धरून म्हणाला, "चल, जीप जाईल." बरं झालं, त्याचीही सुटका झाली. त्याला आता काही मानायला नको.

तेवढ्यात फोटोवाल्याने माझ्या तोंडावर लाईट लावला. "ताई, दोनच शब्द बोला. आता मला बरं वाटतंय, एवढंच."

छातीला चिकटपट्ट्या अजून तशाच होत्या. मी पोलक्यात हात घातला आणि एकेक ओढून काढली. कातडं जळल्यासारखं झालं. मग सुरेशच्या पुढे गेले आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर एकेक चिकटवली. तो मागे सरला तर मी पुढे गेले.

"आता याचा काढ," मी फोटोवाल्याला म्हटलं. "बरं वाटतंय का, याला विचार. आतल्या आत चालतं ते."

आता कुणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाला, "अहो बाई, नीट बोला." मी नीटच बोलत होते. म्हटलं, "काल घरी काढलेला फोटो पुसा. माझ्यासमोर." पुसला म्हणाले. दाखवा म्हटलं, तर कॅमेरा बॅगेत गेला. उघड्या छातीची मी आज कुठल्या भिंतीवर हंडा घेऊन उभी आहे, मला माहीत नाही.

जाऊ आता माझ्याशी बोलत नाही, भावाची नोकरी जाता जाता राहिली म्हणून. नवरा म्हणतो, एवढं ताणायचं नव्हतं. त्याला सांगून टाकलंय, या साली मी माल उचलायला येणार नाही. आधी माझं काळीज यंत्रावर उमटेल, मग बाकीचं.

धडधड दवाखान्यात पोचत नाही ना, मग तिच्या आधी मीच जाऊन बसते. जव्हारच्या सरकारी दवाखान्यात, पट्टी काढायच्या खोलीसमोरच्या बाकावर. शेतातलं काम नसलं की भाकर बांधते आणि येते. वॉचमनने दोनदा उठवलं. "कुणाबरोबर आलीस? कुणाची वाट बघतेस?"

"धडधडीची," मी म्हटलं.

"ती कधी येणार?"

"येईल तेव्हा. मी इथेच आहे."

नर्स आतून बघते, मान हलवते. हलवू दे. सुरू झालं की मी त्या दारावर थाप मारणार आहे. आणि यंत्र आणलं की आधी ते माझ्या डोळ्यांपुढे चालू करून दाखवायचं. मगच माझ्या छातीला हात लावायचा.