एका पहाडीसाठी बसलेल्या बैठका

नोकरीत माणसाकडे दुसरं काही साचो न साचो, किस्से साचतातच. त्यातून ग्रामसेवकाकडे जास्त, कारण त्याला ग्रामसभेत बसावं लागतं. लोकशाही लोकशाही म्हणतात ती मला तरी कंबरदुखी म्हणूनच माहीत आहे. मी नागभीडकडचा, धानाच्या बांध्यांतला माणूस. नोकरीची शेवटची वर्षं मिळाली गडचिरोलीतल्या एका जंगलातल्या गावात. गावामागे पहाडी. मोह, तेंदू, बांबू, गावाचं सगळं तिच्यावर. एका कंपनीला ती फोडून गिट्टीची खदान करायची होती आणि त्यासाठी गावाचा ठराव लागत होता. ठराव लिहिणारा सचिव मी. म्हणजे वरून साहेबांचा फोन आणि खालून गावाचं "बसा ना, काय घाई हाये?"

*

या गावात हात वर करून मोजत नाहीत, हे पहिल्याच सभेत कळलं. विषय साधा, हातपंप कुठे खोदायचा. सगळं गाव एका जागेवर राजी. एक म्हातारा मात्र "नाई" म्हणून बसला. कारण काय, तर कुणाच्या तरी लग्नात त्याला जेवायला बोलावलं नव्हतं. झाली सभा तहकूब!

गावाचे जुने जाणते सोमाजीभाऊ अध्यक्ष होते. मी म्हणालो, "भाऊ, एकटाच तं हाये तो. लिहू का बहुमतानं?"

भाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. "लिहा. पन मंग उद्या तो त्या पंपाचं पानी पिईन का?"

पंप झाला, पण म्हाताऱ्याला त्याच लग्नघरी कोंबडं खाऊ घातल्यानंतर.

*

गावातली माणसं पाळीपाळीनं पहाडीची राखण करतात. एकदा ओला साग तोडताना एकजण सापडला, तो नेमका सोमाजीभाऊंचा जावई. चिमूरहून पाहुणा आलेला. मला वाटलं, आता हे प्रकरण दबणार. पण सभा भाऊंनीच बोलावली.

जावई मान खाली घालून म्हणाला, "मले मालूम नोहोतं, मामाजी."

"आता झालं ना मालूम? मंग तेंदूपत्त्याचा सीझन सरेपर्यंत राहा अन् राखणीले जा."

बिचारा राहिला. सासूबाई रोज राखणीवर डबा पाठवायच्या, त्यात जावयाचा मान म्हणून अंडी. असा पाहुणचार कुठल्याच जावयाचा झाला नसेल.

*

खदानीसाठी पहिले सरकारी साहेब आले ते टाईप केलेला ठराव घेऊनच. "दहा मिनिटांत उरकू," म्हणाले. पण बाया मोह वेचायला गेल्या होत्या आणि बाया आल्याशिवाय सभा बसत नाही. साहेब गाडीत एसी लावून बसले. दुपार झाली, बाया आल्या, हातपाय धुतले, जेवल्या. मग सभा. साहेबांनी समजावलं, रस्ता होईल, पोरांना काम मिळेल. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

"मग? मंजूर ना?"

"इचार करून राह्यलो," सोमाजीभाऊ म्हणाले.

पुढच्या वेळीही तेच. मग त्या साहेबांची बदली झाली. दुसरे आले, त्यांनाही तेच ऐकवलं, त्यांचीही बदली झाली. एकदा मीच वैतागून म्हणालो, "भाऊ, कधीपर्यंत इचार करता?"

"आमाले कुठी जाचं हाये? बदली तं तुमची होते."

*

मग तालुक्याला सुनावणी ठेवली. मे महिना, वर मंडप, आत कूलर, टेबलांवर थंड पाण्याच्या बाटल्या. गावातून सगळे आले आणि एकानंही बाटलीला हात लावला नाही. रैजीबाई पुढेच बसल्या होत्या. मोहावर घर चालवणारी ही विधवा बाई, मुलगा बल्लारपूरला ठेकेदाराकडे कामाला. घामानं नुसत्या भिजल्या होत्या. एका साहेबानं स्वतः बाटली उघडून पुढे केली.

"पानी पिऊन मंग नाई म्हनाले तोंड उठत नाई, साहेब," रैजीबाई म्हणाल्या. "अगोदर नाई म्हनतो, मंग पितो."

आणि खरंच, नाही म्हणून झाल्यावर दोन बाटल्या प्यायल्या. थँक्यूसुद्धा म्हणाल्या!

*

पण माणसं थकतात हो. वर्षानुवर्षं तीच सभा, तोच विषय. पोरं बाहेरगावी राबायला जाऊन कंटाळली होती, त्यांचंही चुकत नव्हतं. गेल्या थंडीच्या शेवटी तिसऱ्या साहेब म्हणून एक मॅडम आल्या, भल्या होत्या, तेव्हा चावडीवर कुणाच्याच तोंडून 'नाई' निघालं नाही. रैजीबाईंकडे सगळ्यांनी पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, "खदानीत काम भेटलं तं पोरगा घरी येईन म्हनतेत." मी पेनचं टोपण काढलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात सोमाजीभाऊ म्हणाले, "मानसाच्या मांगं त्याचा फैसला करत नाई आपन. पाहाडीचा काऊन करून राह्यलो?"

म्हणजे सभा पहाडीवर घ्यायची. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण चढल्या. मीही चढलो, कंबर धरून. वर एका मोठ्या मोहाखाली मॅडमसाठी खुर्ची मांडली, गाव सभोवती बसलं. मोहाचे दिवस तोंडावर आले होते. या दिवसांत बाया आपापल्या झाडाखालचा पाचोळा झाडून जागा साफ करतात, म्हणजे पडलेलं फूल दिसतं, वेचता येतं. या वेळी अजून कुणी झाडलं नव्हतं.

मॅडमनी ठराव वाचला. "कुणाची हरकत?"

खाली चावडीवर हो म्हणणारी पोरंही पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली होती.

"रैजीबाई, तुम्ही सांगा. तुमचं काय म्हणणं?"

रैजीबाई उठल्या. बाजूच्या झुडपाची फांदी मोडली आणि मोहाखालचा पाचोळा झाडायला लागल्या. मग त्यांची जाऊ उठली, मग आणखी दोघीतिघी. झाडत झाडत रैजीबाई खुर्चीपाशी आल्या.

"मॅडम, जराशीक सरका. इथी फूल पडते."

मॅडम उठल्या. खुर्ची त्यांनी स्वतःच उचलली.