‘वाढव’ नावाचं बटण

सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत कुणी विचारलं, "जयश्री, तू हॉटेलात काय करतेस गं?" तर ती सांगायची, "दिवे लावते." झालं! बायका फिदीफिदी हसायच्या. एवढं श्रीमंतांचं हॉटेल, आणि ही काय काडेपेटी घेऊन फिरते? समजावण्याचा नाद जयश्रीनं केव्हाच सोडला होता. गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता!

खरं तर ती कामाला लागली होती साफसफाईत. धुळ्याकडून लग्न होऊन सुरतेत आली, नवऱ्याबरोबर कापडाच्या लूमवर राबली. त्या खडखडाटानं नवऱ्याचे कान गेले. मग तिनं घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवल्या, आणि शेवटी डुमस रोडवरच्या या हॉटेलात चादरी बदलायला लागली. वाकून वाकून पाठ कामातून गेली. अशात मोठ्या हॉलमध्ये दिव्यांची नवी यंत्रणा आली. सगळा कारभार एका टेबलावरच्या काचेच्या पाटीवर. बाकीचे तिला हात लावायला घाबरायचे. ही बया पुसता पुसता बटणं दाबून बघायची. एकानं झुंबरं मंद व्हायची, दुसऱ्यानं स्टेज उजळायचं. तिला वेडच लागलं त्याचं. एकदा मॅनेजर गजेंद्रभाईंनी पकडलं. आधी ओरडले, मग तिचा हात कसा चालतो ते बघत राहिले. म्हणाले, "रविवारचा साखरपुडा तू सांभाळ. नीट झालं तर हे टेबल कायमचं तुझं. नाही तर परत चादरी."

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं! अहो, ज्याची पाठ ठणकते त्याला विचारा.

यंत्रणा बसवणारा भूपेंद्र मूळचा आपल्या खानदेशातलाच, पण जन्मला, वाढला सुरतेत. मराठी कळायची, जीभ मात्र गुजरातीकडे वळायची. तो म्हणाला, "मावशी, बटणांना तुम्हाला समजतील अशी नावं देऊ. बोला."

"एक ‘पाहुणे’, एक ‘स्टेज’, एक ‘जेवण’ आणि शेवटचं ‘वाढव’," जयश्रीनं भराभर सांगितलं. त्यानं तसंच टाइप केलं. दोघांचंही समाधान झालं, आणि तिथंच घोळ झाला. हॉलमध्ये सजावटवाल्यांची घाई होती. शेवटचं बटण कुणी दाबून पाहिलंच नाही.

रविवारी हॉल गच्च भरला. ठरलं होतं असं, की सगळे दिवे जातील आणि अंधारात नवरीची आजी पेटता दिवा घेऊन येईल, मागून नवरी. आजी दारात आली. गजेंद्रभाईंनी हात वर केला. जयश्रीनं ‘वाढव’ दाबलं.

आणि भक्कन सगळा हॉल पेटला! झुंबरं, स्टेज, भिंती, होते नव्हते तेवढे दिवे लागले. नवरदेव मोबाइलमध्ये बघून केस बसवत होता, तो पकडला गेला. आजी बिचारी दारातच थबकली. तिच्या हातात दिवा पेटलाय की नाही, तेसुद्धा कुणाला दिसेना.

"माय वं!" जयश्रीनं पुन्हा दाबलं. उजेड तसाच. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. तिच्या घरात दिवा कुणी विझवत नाही, वाढवतात. नारळ वाढवतात, फुटलेली बांगडी वाढते, तसाच दिवा. सासूबाई, उषाबाई, रोज निजताना सांगायच्या, "जयश्री, दिवा वाढव." आणि या सुरती पोरानं उजेडच वाढवून ठेवला होता!

रडत बसायला वेळ नव्हता. पाटीच्या कडेला उजेड कमीजास्त करायच्या पट्ट्या होत्या. कंदिलाची वात उतरवावी तसं तिनं बोट हळूहळू खाली आणलं. आधी भिंती गेल्या, मग झुंबरं, सगळ्यात शेवटी स्टेज. कुजबुज थांबली. जसजसा अंधार झाला तसतसा आजीच्या हातातला दिवा मोठा दिसायला लागला, आणि त्यामागं नवरीचं तोंड. आजी चालायला लागली तशा टाळ्या पडल्या.

पाहुणे तिथंच जेवायला बसल्यावर गजेंद्रभाई आले. "आ शुं हतुं? हे काय होतं?"

मुद्दाम केलं म्हणून सांगता आलं असतं. लोकांना तसंच वाटलं होतं. पण जयश्रीला खोटं बोलवेना. "चुकलं साहेब," ती म्हणाली आणि ‘वाढव’ची सगळी कथा सांगून टाकली. भूपेंद्र खाली मान घालून म्हणाला, "मीच विचारायला हवं होतं."

गजेंद्रभाई हसू दाबत म्हणाले, "माझी बा, म्हणजे आई, पण ‘बंद कर’ म्हणू द्यायची नाही. ‘दीवो राम कर’ म्हणायची. जा, उद्यापासून टेबल तुझं. भूपेंद्र, ते नाव काढ, सरळ ‘बंद’ लिही."

"बंद नको साहेब!" जयश्री बोलून गेली. हातात आलेलं टेबल आता जातंय की काय! पण बोललीच. "शुभकार्याचा हॉल आहे. ‘शांत’ लिहा."

गजेंद्रभाईंनी तिच्याकडे बघितलं. "तुझं टेबल, तुझं नाव."

जयश्रीचे डोळे घळाघळा वाहायला लागले. भूपेंद्रनं ‘शांत’ लिहिलं आणि बोट पुढं केलं. "मावशी, दाबून बघू?"

"ए शहाण्या, थांब!" डोळे पुसता पुसता तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "माझ्या हॉलात माणसं जेवताहेत!"