बीड ते चौसाळा, स्वतःच्या पायांनी

मन्मथप्पांचं चौसाळ्याच्या पेठेत भांड्यांचं दुकान होतं, एवढ्या एका गोष्टीवर सगळ्या गावाचं एकमत होतं. त्यापुढचं गावाला कधी पटलंच नाही. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना साखर सांगितली, रोज चालायला सांगितलं, आणि महिन्याभरात आप्पा चालायचे ते पळायला लागले. साखर गावात पुष्कळांना होती. ती माणसं गोळ्या घेत आणि चहा गोड झाला म्हणून बायकोवर ओरडत. त्यासाठी सकाळी हायवेवर पळत सुटावं असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

आप्पांना खरा त्रास टिंगलीचा नव्हता. त्रास होता माणुसकीचा. आमच्या भागात ओळखीचा माणूस रस्त्यानं पायी दिसला, की गाडी थांबवून त्याला बसवायचं ही रीत आहे, आणि पळताना दिसला तर विचारायचंही नाही, दंडाला धरून बसवायचं. तीन वर्षांत आप्पांसाठी जीप थांबल्या, ट्रॅक्टर थांबले, दुधाच्या गाड्या थांबल्या. प्रत्येक वेळी आप्पा जागच्या जागी पाय उचलत समजावून सांगत, की मला कुठंच जायचं नाही. यावर गाडीवाला म्हणे, "मग पळताव कावून?" याला उत्तर होतं, पण ते ऐकायला कुणी गाडी बंद करत नसे.

त्याच सुमारास बाहेरच्या नव्यानव्या वस्तू जिल्ह्यात उतरू लागल्या होत्या. पेठेवर केबलच्या तारा आल्या, चौकात एसटीडीची पिवळी पाटी आली, स्कूटर नंबर न लावता मिळू लागली. बीडात एकानं कोणत्याशा रंगीत थंड पेयाची एजन्सी घेतली, आणि नाव व्हावं म्हणून दर जानेवारीत बीड ते चौसाळा अशी शर्यत सुरू केली. पस्तीस किलोमीटर, मधे मांजरसुंब्याचा घाट. पेयाच्या कापडी फलकांची सोय सात ठिकाणी होती, पाण्याची दोन ठिकाणी. नियम दोनच. सगळं अंतर स्वतःच्या पायांनी कापायचं, आणि सातला सुटून बाराच्या आत चौसाळ्याच्या वेशीवरची चुन्याची रेघ ओलांडायची. रेघेवर पंच म्हणून शाळेतले बंकट गुरुजी. हा माणूस पीटीच्या तासाला स्वतःच्या मुलालाही उशिरा आला म्हणून बाहेर उभा करायचा.

आदल्या वर्षी आप्पा घाट चढून आले होते. तेवढ्यात मागून मेहुणा केदारनाथ नवी स्कूटर घेऊन आला. "दाजी पायी अन् मी गाडीवर? लोक काय म्हणतील मला?" असं म्हणत त्यानं चारचौघांत आप्पांना मागं बसवलं. बायकोच्या भावाचा मान रस्त्यात कसा मोडणार? आप्पा अर्धा किलोमीटर बसले, मग उतरले आणि उरलेलं सगळं पळाले. गुरुजींना हे आधीच कळलं होतं. त्यांनी वहीत आप्पांच्या नावावर लाल रेघ मारली. तेव्हापासून पेठेत बोलणं झालं, की आप्पा पळतेत बीडापासून, पण पोचतेत स्कूटरवर.

बायको शिवकन्या हे वर्षभर ऐकत होती. या खेपेला तिनं स्पष्ट सांगितलं, "यंदा झालं तर झालं. न्हाई झालं तर हे बंद. घरात बसून गोळ्या घ्यायच्या, चार माणसांसारख्या."

आप्पा कबूल झाले. कबूल होण्यावाचून इलाज नव्हता. पण दुकानात गिऱ्हाइकाला घागर वाजवून दाखवताना त्यांचं लक्ष रस्त्याकडं जाई. दिवसाकाठचा तो एक तास कुणी भाव विचारत नसे, आणि तो तास आता पणाला लागला होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आप्पा बीडात बहिणीकडे मुक्कामाला गेले. तिच्या घरी अजून फोन आलेला नव्हता. आई, शांतादेवी, तिथंच होती. चार दिवसांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं होतं, हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं या बाबतीत गैरसमज झाले.

सातला एक्केचाळीस जण सुटले. चाळीस पोरं पोलीस भरतीची तयारी करणारी. पाली येईपर्यंत ती दिसेनाशी झाली, आणि हायवेवर चव्वेचाळीस वर्षांचा, अर्ध्या चड्डीतला, कपाळावर विभूती लावलेला एक दुकानदार एकटाच पळत राहिला. एकटा पळणारा प्रौढ माणूस बघून मनात काय येतं? पालीत बोरांची पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीनं हाक मारली, "कोण गेलं रं बाबा?"

"कोणी न्हाई, शर्यत हाय!"

"आगं बया," म्हातारी शेजारणीला म्हणाली, "सांगवंना बिचाऱ्याला."

पुढं दोन जीप थांबल्या, एक उसाचा ट्रक थांबला. आप्पांनी ठरवलं की आता बोलायचं नाही, दम जातो. हा निर्णय धावण्याच्या दृष्टीनं बरोबर होता.

घाट चढून मांजरसुंब्याच्या फाट्यावर आले तेव्हा त्यांच्या छातीत भाता चालला होता. फाट्यावर जमीलभाईची पेरूची गाडी. घरची सगळी भांडी आप्पांकडून घेणारा, मोठा प्रेमळ माणूस. त्यानं आस्थेनं विचारलं, "आप्पा, अम्मा की तबीयत कैसी है?"

आप्पांना 'बरी आहे' एवढंही म्हणवेना. त्यांनी मान हलवली, नंतर सांगतो अशा अर्थानं हात वर केला, आणि डोळ्यांत उतरलेला घाम खांद्यावरच्या पंच्यानं पुसला. जमीलभाईनं तो वर गेलेला हात पाहिला आणि मग आभाळाकडं पाहिलं. हातातला पेरू ठेवून तो घाईघाईनं समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरला. ते आप्पांना दिसलंही. तो कुणाला फोन करतोय याचा विचार करण्याचं त्यांना कारण नव्हतं.

चौसाळा चार किलोमीटर राहिलं तेव्हा समोरून स्कूटर आली. केदारनाथ. त्यानं गाडी वळवून आप्पांच्या बाजूला लावली. त्याचे डोळे सुजले होते.

"दाजी, बसा."

"न्हाई बसत."

"आता कशाची शर्यत दाजी! माय गेली आपली!"

आप्पा पळता पळता अडखळले. "कुणाची माय?"

"तुमची! मांजरसुंब्याहून जमीलचा फोन आला. आप्पा रडत पळत येऊ लागलेत म्हणाला."

आप्पांच्या सगळं ध्यानात आलं. त्या क्षणी मांजरसुंब्याला परत जाऊन जमीलच्या गाडीवरचे पेरू एकेक करून फोडावेत असं त्यांना वाटलं, पण ते अंतर शर्यतीत धरलं गेलं नसतं. "आरं, आई ठणठणीत हाय! तो घाम होता!"

केदारनाथनं त्यांच्याकडं फार करुणेनं पाहिलं. "धक्का बसलाय तुमाला. बसा गाडीवर."

"हात लावू नको बे! हात लावलास तर सोयरीक मोडली आपली!"

वीस वर्षांत आप्पांनी मेहुण्याला 'बे' म्हटलं नव्हतं. केदारनाथची खात्रीच पटली. तो डोळे पुसत, गाडी पिदाडत गावाकडं गेला.

पावणेबाराला एक मिनिट कमी असताना आप्पा वेशीवर पोचले. चुन्याची रेघ होती. वर पेयाचा फलक होता. टेबल मिटून लिंबाला टेकवलेलं होतं. भरतीची पोरं केव्हाच पोचून पांगली होती, आणि आता माणूस एकही नव्हता. पेठेतली झाडून सगळी दुकानं बंद. मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या बंदला पेठ मागच्या दारानं चालू असे. ती आज आप्पांच्या घरचं दुःख म्हणून शंभर टक्के बंद होती. आप्पांनी रेघ ओलांडली. कुणी पाहिलं नाही.

ते पळत घरी गेले. अंगणात सतरंज्या, बीडाहून मयत यायची वाट बघत बसलेली टोप्या घातलेली माणसं, शेजारच्या गावाहून आलेले स्वामी. आप्पा दिसताच बायकांनी हंबरडा फोडला. पहिल्या रांगेत, गळ्यात घड्याळ अडकवून, मान खाली घालून बंकट गुरुजी बसले होते.

"गुरुजी, किती वाजले?"

"धीर धरा आप्पा."

"किती वाजले ते सांगा!"

"अकरा अठ्ठेचाळीस."

"मी रेघ ओलांडून आलोय. लिहा."

"न पाहिलेलं मला लिहिता येत न्हाई."

"मग रेघ सोडून इथं काय करताव?"

गुरुजी दुखावले. "तुमच्याच आईसाठी आलतो! ज्याची माय गेली तो माणूस शर्यत पुरी करील असं कुणाला वाटंल?"

"आई बीडात हाय! सकाळी दोन कप चहा पिली, अन् वर मला शिव्या दिल्या!"

"मी हेच म्हणत होतो," केदारनाथ स्वामींच्या कानाशी लागला. "डोक्यावर परिणाम हाय."

कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी आप्पांचे खांदे धरून त्यांना बसवायला लागलं. आप्पांना सांत्वनाच्या आठ-दहा हातांतून सुटता येईना, आणि गुरुजींच्या गळ्यातलं घड्याळ चालूच होतं.

तेवढ्यात शिवकन्या बायकांतून उठून पुढं आली. नवऱ्याच्या तोंडाकडं तिनं नीट पाहिलं.

"काय शिव्या दिल्या?"

"आता ते कशाला..."

"सांगा."

आप्पांनी अख्ख्या अंगणासमोर सांगितलं. "म्हणाली, दोन पोरी लग्नाच्या झाल्या अन् हा हुंबाड्या चड्डीवर जिल्हा हिंडतोय. बापाची पुण्याई म्हणून तुला बायको मिळाली, न्हाईतर आज म्हशी वळत असतास, अन् त्या बी पळून गेल्या असत्या तुला बघून."

शिवकन्येनं पदरानं डोळे पुसले. "सासूबाई जिवंत हायेत," तिनं सगळ्यांना सांगितलं. "हे यांना सात जन्मांत सुचायचं न्हाई." मग ती गुरुजींकडं वळली. "तुमी बसलाव काय गुरुजी! उठा! बारा वाजू देताव का काय आता?"

गुरुजी उठले. ते उठले म्हणून स्वामी उठले, आणि स्वामी उठले म्हणून सगळं अंगण उठलं. पुढं गुरुजी लगबगीनं, मागं आप्पा, त्यांच्यामागं टोप्या, त्यांच्यामागं नुकत्याच रडून झालेल्या बायका. गुरुजींनी टेबल उघडून मांडलं, वही काढली, खुर्ची आपल्याच रुमालानं पुसली. आप्पा रेघेपलीकडं तीस पावलं बीडाच्या बाजूला गेले आणि वळले. आता पाय लाकडाचे झाले होते. ते जसे येत होते त्याला पळणं म्हणणं उदारपणाचं ठरेल, पण शिवकन्या रेघेपाशी उभी राहून ओरडत होती, "या, या, चला!", आणि ते आले. टाळी वाजवावी की नाही हे जमावाला कळेना. मर्तिकाला जमलेल्या माणसांना एकदम तसं जमतही नाही.

गुरुजींनी लिहिलं, अकरा अठ्ठावन्न.

आप्पा टेबलावर वाकले. "सत्तावन्न होते."

"पंचानं लिहिलेलं खोडता येत न्हाई."

"मग मी हलत न्हाई." आणि आप्पा रेघेवर मांडी घालून बसले.

स्वामींनी आपलं मनगट पाहिलं आणि सावकाश सांगितलं, की आमच्याही घड्याळात सत्तावन्नच होते. स्वामींच्या पुढं गुरुजी कुठं जाणार? त्यांनी आठाचा आकडा खोडला, वर सात लिहिला, शेजारी सही केली, आणि खाडाखोड आहे म्हणून आप्पांनाही सही करायला लावली. आप्पांच्या कपाळावरचा घाम टपकन वहीवर पडला. नाव, वेळ, दोन्ही सह्या, सगळं पसरलं. गुरुजींनी कपाळाला हात लावला, पान उलटलं, आणि पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतलं.