शालिग्राम गुरुजी आणि हुंकाऱ्याची जागा

शालिग्राम गुरुजींच्या गळ्यावर तीन गावांचा हक्क होता. राहायचे ते साखरखेर्ड्याला, शाळा तिथून दोन कोसांवरच्या गावात, आणि श्रावण लागला की पोथी वाचायला आणखी तिसऱ्याच गावचं बोलावणं. आवाज असा, की शाळेत त्यांनी गोष्ट वाचायला घेतली म्हणजे शेजारच्या ओसरीवर डाळ पाखडणाऱ्या बायांचं सूप आपोआप हळू व्हायचं.

हा गळा त्यांना वडिलांकडून आला होता. वडील रामराव, दोन एकरांचे धनी, पण पोथीला बसले की पाटलाच्या वर. त्यांच्या पोथीत प्रत्येकाची जागा ठरलेली. एकानं वाचायचं, एकानं अर्थ सांगायचा, आणि एकानं समोर बसून हुंकारा द्यायचा. ओवी संपली की "हूं". हुंकारा देणारा पेंगला तर रामराव पोथी मिटून ठेवायचे. "हुंकाऱ्याबिगर पोथी म्हंजे मिठाबिगर वरण," असं ते म्हणत. शालिग्राम सहा वर्षांचा असल्यापासून त्या जागेवर बसला, आणि पुढं वाचणाऱ्याच्या जागेवर गेला. त्या जागेवरून तो पुन्हा उठलाच नाही. शाळेत मास्तर झाला तेव्हाही शिकवणं म्हणजे त्याच्या लेखी हेच होतं. आपण वाचायचं, अर्थही आपणच सांगायचा, आणि पोरांनी "हूं" म्हणायचं.

पंचवीस वर्षं असं छान चाललं. मग गेल्या साली ऑगस्टमध्ये कविता म्हणता म्हणता आवाज फाटला. आधी वाटलं सर्दी असेल. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी पत्नी कोकिळा त्यांना एसटीत बसवून बुलढाण्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, "गुरुजी, गाठी आहेत. दोन महिने तोंडातून एक शब्द नको. कुजबुजसुद्धा नको."

"मग मी शिकवू कसा?" गुरुजींनी विचारलं.

"हा शेवटचा शब्द समजा," डॉक्टर म्हणाले. "आवाज येईल. पण पहिल्यासारखा येईल की नाही, ते आज सांगता येत नाही."

परतीच्या एसटीत चिखलीच्या पुढं आल्यावर कोकिळा म्हणाली, "नाव माह्यं कोकिळा, अन् जन्मभर गायले तुमी. आता दोन महिने पाहू कसं जमते." गुरुजींना हसू आलं, पण हसायचीही भीती वाटली.

रजा टाकावी तर शाळेत मास्तर दोनच. सातवीचा वर्ग कुलपात पडला असता. गुरुजी पाटी-खडू घेऊन शाळेत जाऊ लागले. फळ्यावर लिहायचं, पाटीवर लिहायचं, पाटी टेबलावर आपटून पोरांना गप्प करायचं. आठवडाभरात गावात बोलणं सुरू झालं. शाळा समितीचे अध्यक्ष वामनराव, चाळीस एकरांचे मालक, स्वतः शाळेत आले. त्यांचा नातू सागर सातवीतच होता.

"गुरुजी, तुमचा मान हाय," वामनराव म्हणाले. "पण मुक्यानं पोरं शिकतीन कशी? दिवाळीपर्यंत वाट पाहतो. नाही जमलं त मंग दुसरा मास्तर मागतो वरून. राग मानू नका."

गुरुजींना राग आला नाही. तेच त्यांच्याही मनात होतं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. अक्षर मोत्यासारखं, तारखेची जागा कोरी. गळा नाही तर मास्तर कशाचा? दिवाळीच्या सुट्टीआधी तारीख घालायची आणि मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं.

तोवर पोरांना काहीतरी काम द्यायला हवं होतं. मागच्या प्रशिक्षणात मिळालेली एक पुस्तिका कपाटात पडून होती. तिच्यात लिहिलं होतं की पोरांचे गट करा, प्रत्येक गटाला एक गोष्टीचं पुस्तक द्या, आणि गटातल्या प्रत्येकाला एक काम द्या. एक वाचणारा. एक थोडक्यात अर्थ सांगणारा. एक अवघड शब्द शोधणारा. एक चित्र काढणारा. एक गोष्टीची आपल्या गावाशी जोड लावणारा. आणि सगळ्यांत वर पहिलंच काम होतं, प्रश्न विचारणारा. गुरुजींनी लाल पेन घेतला आणि पहिल्या कामावर काट मारली. प्रश्न मास्तर विचारतो, तेही परीक्षेत. पोथीत कोणी प्रश्न विचारतो का?

वर्गात पोरं एकवीस. पाच कामांचे चार गट झाले, एक पोर उरली. अनुपमा तिचं नाव. मोताळ्याकडच्या रोहिणखेडची. आई-बाप कामासाठी सुरतेला गेले म्हणून जूनमध्ये इथं मामाच्या घरी आली होती. मामा ज्ञानेश्वर वांगी-मिरचीचा बागायतदार. पोर बोलायला कमी, पाहायला जास्त.

"सर, मंग मी काय करू?" तिनं विचारलं.

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि पाटीवर लिहिलं, "हुंकारा." मग खुणेनं दाखवलं, सागरच्या गटात बस, आणि वाक्य संपलं की "हूं" म्हण.

पुस्तक दोन भावांच्या विहिरीचं होतं. सामाईक विहीर, एक दिवस थोरल्याच्या पाण्याची पाळी, एक दिवस धाकट्याची. धाकटा थोरल्याच्या पाळीला चोरून पाणी घेतो. थोरल्याची मिरची करपते. शेवटी थोरला त्याला माफ करतो आणि दोघं विहिरीच्या काठावर गळ्यात गळा घालून रडतात. गुरुजींनी ही गोष्ट अठरा वर्षं दर साली वाचली होती. शेवटच्या पानावर ते असा आवाज लावायचे, की ओसरीवरच्या बाया पदर डोळ्याला लावायच्या.

दर शनिवारी दप्तराविना शाळा, त्या दिवशी गट बसायचे. पहिले दोन शनिवार कामं झाली. वाचणाऱ्यानं वाचलं, शब्दवाल्यानं शब्द लिहून काढले, चित्रवाल्यानं विहीर काढली ती टाकीसारखी दिसली. अनुपमानं इमानदारीनं "हूं" म्हटलं. गुरुजी खुर्चीवर बसून पाहत होते, जसा लग्नघरात जेवणाचं बोलावणं नसलेला माणूस बसतो.

तिसऱ्या शनिवारी सागरनं शेवटचं पान वाचलं. थोरल्यानं माफ केलं. पान संपलं. हूं आलं नाही.

"म्हण ना बे, हूं," सागर म्हणाला.

"काऊन?" अनुपमा म्हणाली.

"काऊन म्हंजे? तुले सरनं हेच काम देल्लं."

"ते नाही. थोरल्यानं काऊन माफ केलं? धाकट्यानं माफी मागतलीच नाही."

"मागतली असन."

"कोनत्या पानावर?"

सागरनं पान उलटलं. मागचं उलटलं. त्याच्या मागचं उलटलं. अर्थ सांगणाऱ्यानं पुस्तक ओढून घेतलं. शेजारच्या गटातली पुष्पांजली, तिला दुसऱ्याच्या भांडणाचा वास लवकर यायचा, तिनं आपल्या गटाचं पुस्तक उघडलं. थोड्याच वेळात चारही गटांत पानं फडफडत होती आणि एकवीस पोरं एक न सापडणारं वाक्य शोधत होती.

गुरुजी ताडकन उठले. तोंड उघडलं, हात गळ्याकडे गेला, तोंड मिटलं. खडू घेऊन त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "थोरल्याचं मन मोठं होतं." पाटी अनुपमासमोर धरली.

तिनं वाचली. पुस्तकाकडे पाहिलं. मग अगदी हळू, उद्धटपणाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाली, "सर, हेबी पुस्तकात नाही."

गुरुजींनी पाटी शर्टाच्या बाहीनं पुसली. गळा शाबूत असता तर त्यांनी त्या पोरीला बोलून बसवलं असतं. अठरा वर्षांत किती पोरांना बसवलं असेल, देव जाणे. आज बसवायला आवाज नव्हता, म्हणून सवाल उभाच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी रागारागानं सगळं लिहून कोकिळेला दाखवलं. ती भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच ठेवून वाचलं आणि म्हणाली, "मलेबी तसंच वाटे."

गुरुजींनी भुवया उडवल्या.

"लग्न झालं तवापासून ऐकून राह्यली ना ती गोष्ट. दरवर्षी तुमी पडवीत बसून वाचून पाहत होते. मले वाटे, ह्या धाकट्यानं एकदा तरी म्हणाले पायजे, चुकलं म्हून."

"मग बोलली काऊन नाही?" गुरुजींनी इतक्या घाईनं लिहिलं की खडू तुटला.

"तुमी थांबतच नव्हते वाचताना," कोकिळा म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

गुरुजींनी तुटलेल्या खडूचे तुकडे उचलले. पंचवीस वर्षांत त्यांच्या समोर किती माणसं "हूं" म्हणत बसली होती. त्या हूंच्या आत काय काय दबून राहिलं असेल, हे त्यांच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

सोमवारी रस्त्यात ज्ञानेश्वर भेटला. मोटरसायकलवर वांग्याची पोती, तरी थांबला. "गुरुजी, काय लावून देल्लं हे? माह्या घरी दोन दिवसापासून एकच कल्ला, धाकट्यानं माफी मागतली का नाही. माय म्हणते थोरलाच येडा, बायको म्हणते धाकटा चोर. वांगे तोडाच्या मजुरीणीबी दोन पार्ट्यात वाटल्या!" आणि हसत निघून गेला.

गुरुजींनी गट नव्यानं बांधले. सात सात पोरांचे तीन. पाच कामं पहिलीच, सहावं हुंकारा, आणि सातवं, काट मारलेलं, का असं विचारायचं; त्याचं नाव मात्र त्यांनी पुस्तिकेतून घेतलं नाही. चिठ्ठीवर लिहिलं, "काऊन विचारणारा." कामं दर शनिवारी चिठ्ठ्या टाकून बदलायची. पोरं त्याला पाण्यासारखी पाळी म्हणू लागली. "उद्या काऊनची पाळी माही," असं एकमेकाला आदल्या दिवशीच बजावू लागली, जरी चिठ्ठी कोणाची निघेल हे कोणालाच माहीत नसायचं. पहिल्या आठवड्यात काऊन भलतेच निघाले. विहिरीत कासव काऊन नाही, थोरल्याच्या बायकोचं नाव काऊन नाही. कासवावर पोरं हसली. बायकोच्या नावावर हसता हसता थांबली.

दिवाळीला आठ दिवस उरले तेव्हा वामनराव आले. डॉक्टरांनी तोवर गुरुजींना दिवसाला चार शब्दांची मोकळीक दिली होती, पण गुरुजींनी ती अजून वर्गात खर्च केली नव्हती. अर्ज शर्टाच्या खिशात होता. वामनराव खुर्चीवर बसले, चष्मा पुसला. "चालू द्या गुरुजी, मी नुसता पाहतो."

नव्या गटांत सागरकडे आलेली पुष्पांजली त्या दिवशी तापानं आली नव्हती. सागरच्या गटात एक चिठ्ठी उरली, हुंकाऱ्याची. अनुपमानं इकडं तिकडं पाहिलं आणि सरळ खुर्चीपुढं जाऊन म्हणाली, "आबा, तुमी बसता का आमच्यात? काही कराचं नाही. फकत हूं म्हणाचं."

वामनराव जन्मात कोणाला नुसतं हूं म्हणाले नव्हते. पण पोरांनी जागा करून दिली होती, आणि नातू पाहत होता. धोतर सावरत ते सतरंजीवर बसले. वाचन झालं. "हूं," वामनराव म्हणाले. अर्थ सांगून झाला. "हूं." मग काऊनची पाळी ज्या पोराची होती त्यानं विचारलं, "विहीर दोघाची होती त धाकट्याले चोर काऊन म्हणाचं?"

"अरे चोर नाही त काय!" वामनराव उसळले. "पाळी म्हंजे पाळी! पाळी मोडली की विहीर मोडली, मी सांगतो..."

"आबा," सागर म्हणाला, "तुमचं काम हूं म्हणाचं हाय."

वामनरावांनी नातवाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, आणि दात ओठ खात म्हणाले, "हूं."

मग पोरांनी असा वाद घातला की मधल्या सुट्टीची घंटा कोणी ऐकली नाही. कोणी म्हणे धाकट्याची मिरची लहान होती, तिला पाणी जास्त लागतं. कोणी म्हणे मग मागायचं होतं, तोंड कशाला दिलं देवानं. अनुपमाकडे त्या दिवशी जोड लावायचं काम होतं. ती म्हणाली, "आमच्या रोहिणखेडले बाबा अन् काका असेच भांडले. मंग काकानं माफी मागतली नाही, पण लग्नात बाबाच्या ताटात पहिले बुंदी वाढली. बाबा म्हणे, समजलं." वामनरावांनी, कोणी न सांगता, हुंकारा दिला.

शेवटी त्यांच्यानं राहवेना. "गुरुजी, आता खरं काय ते सांगून टाका. तुमी इतके साल वाचून राह्यले. धाकट्याले माफ कराव का नाही?"

गुरुजी उठले. पोरं वळली. तीन महिन्यांत त्या वर्गानं त्यांचा शब्द ऐकला नव्हता. त्यांनी गळ्याला हात लावला आणि बोलले. जुना आवाज नव्हता तो. कोरड्या कडब्यावरून पाय ओढत जावं तसा खरखरीत.

"मले माहीत नाही, वामनराव."

चारच शब्द. डॉक्टरांनी जितके दिले होते तितकेच. आयुष्यात वर्गात उभं राहून त्यांनी हे चार शब्द पहिल्यांदा म्हटले होते. जमीन दुभंगेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तेवढ्यात मागच्या गटातून कोणीतरी म्हणालं, "सर, मले माहीत हाय!" आणि लगेच तीन जणांनी त्याला "तुले काय माहीत बे!" म्हणून दाबलं, आणि वाद पुन्हा पेटला.

वामनराव चप्पल घालत दारापाशी थांबले. गुरुजींनी खिशातला अर्ज काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो वाचला, कोरी तारीख पाहिली.

"तारीख तुमीच घाला," वामनराव अर्ज परत देत म्हणाले. "माह्याकडून मास्तर बदलाची अर्जी जाणार नाही." मग आवाज खाली आणून, आजूबाजूला पाहत, "पण एक सांगा. पुढच्या शनिवारी पुष्पांजली आली त मले जागा राहीन का?"

गुरुजींनी पाटी उचलली, खडू शोधला. पाटीवर लिहिलं, "दिवाळीनंतर नवीन पुस्तक. चिठ्ठी टाका." आणि कोऱ्या तारखेचा तो कागद चार घड्या घालून सागरच्या गटातल्या चित्रवाल्याला देऊन टाकला. त्याला पाठकोरा कागद हवाच होता.