हात मांडीवर

कुंभकोणमला शेजारी टायपिंग शिकवणाऱ्या अक्का घरात आमचं जुनं तंजावरी मराठी बोलत, उंबऱ्याबाहेर तमिळ. इंग्रजीतली कॅपिटल अक्षरं स्मॉल करणारा माझा कॉम्प्युटर प्रोग्राम मी त्यांना माहितीपत्रकासकट तपासायला दिला. त्या एकेक वाक्य मोठ्यानं वाचत, लिहिलंय तेवढंच करत आणि पुढचं लिहिलेलं नसेल तर हात मांडीवर ठेवून बसत. पेल्यातली कापी, म्हणजे कॉफी, निवून गेली.

तपासायला त्यांनी स्वतः सकाळभर कॉम्प्युटरवर इंग्रजीत टाइप केलेली देवळाच्या उत्सवाची पत्रिका घेतली होती. क्षणात देवाचं नावसुद्धा स्मॉल अक्षरांत गेलं आणि मूळ पत्रिका उरलीच नाही. आधी प्रत काढून ठेवा, असं माहितीपत्रकात कुठंच नव्हतं.

“मी परत टाइप करतें. तूं पहिलें तें वाक्य लिही,” अक्का म्हणाल्या.

त्यांच्यामुळे आजही माहितीपत्रक लिहून झालं की मी ते मोठ्यानं वाचतो आणि हात मांडीवर ठेवतो.