इंजिनाला लावलेलं कुंकू

माझ्या लग्नाला वडिलांनी होकार दिला, पण नाक मुरडूनच. नोकरीसाठी मद्रासला आलेल्या मुलीनं तिथल्याच तंजावरी मराठी घरातला मुलगा पसंत केला, हे त्यांना काही रुचलं नव्हतं. "सरकारी कारकून! हातात पाना धरता येतो का त्याला?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. ते स्वतः रेल्वेच्या कारखान्यात फिटर. त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची, पाना धरता येणारी आणि न येणारी.

तीन वर्षांनी ते प्रथमच आमच्याकडे यायला निघाले. मी लगेच कळवलं, "स्टेशनवर आमची गाडी घेऊन येतो." फुशारकी मारायची माझी खोड जुनीच.

गाडी होती जुनी, दुसऱ्यानं वापरून विकलेली. ते यायच्या आठवडाभर आधी समुद्रावरून परतताना ती तापली. यजमान म्हणाले, थांबून पाणी घालू. मी म्हटलं, घर तर आलंच. नुंगंबाक्कमला घरी पोचेपर्यंत सिलिंडर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, तडा गेला होता.

यजमानांनी जॉर्ज टाउनचा बाजार पालथा घालून दुसरं हेड मिळवलं. मेकॅनिकनं जुनं हेड उतरवलं, उभे बोल्ट काढले आणि सांगितलं, "खालचा ब्लॉक आरशासारखा सपाट हवा, नाहीतर दोन्हींच्या मधलं नवं गॅस्केट आठ दिवसांत उडेल." एवढं बोलून तो भावाच्या लग्नाला गावी गेला, तो गेलाच.

मग आम्हीच बसलो. कचरा आत पडू नये म्हणून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे चार बोळे चार सिलिंडरांत कोंबले. जुनं गॅस्केट तव्यावर करपलेल्या धिरड्यासारखं चिकटलं होतं. यजमान ते सरकारी फायलीवरची धूळ झटकावी तसं हळुवार खरवडत होते. मला राहवेना. पितळी उलथनं घेऊन मीच पुढे सरसावले.

पण सपाट झालं की नाही, हे कळणार कसं? तेव्हा मला वडिलांची नखं आठवली. लहानपणी ती कायम लाल असायची. जेवताना ते आईला सांगत, सपाट पाट्याला तेलातला शेंदूर फासायचा आणि तो पाटा घासायच्या भागावर टेकवायचा. जिथं उंचवटा तिथं लाल उठतं. मी म्हणायची, मला दाखवा ना. "कारखान्यात मुलींचं काय काम?" हे उत्तर ठरलेलं. मला त्याचा भारी राग यायचा.

घरात शेंदूर नव्हता, कुंकू होतं. ते तिळाच्या तेलात कालवलं, कपाटाचा जाड आरसा उतरवून त्याला फासलं. यजमान हसले, पण आरसा त्यांनीच धरला. लाल ठिपके उठले की तिथं धारेचा दगड घासायचा, पुसायचं, पुन्हा आरसा टेकवायचा. दोन दिवस हेच चाललं. शेवटी एक कोपरा तेवढा ऐकेना, आणि वडिलांची आगगाडी यायची वेळ झाली. यजमान रिक्षा घेऊन स्टेशनवर गेले, मी स्वयंपाकाला लागले.

रिक्षा दारात थांबली म्हणून बाहेर आले, तर ब्लॉकवर जास्वंदीची फुलं आणि बाजूला उदबत्ती! नवरात्रातल्या आयुधपूजेला अडकित्त्यालाही कुंकू लावणाऱ्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "कुंकू लावलंस, मग फूल नको? अस्कं रीतीनं व्हावं." अस्कं म्हणजे सगळं. मला धरणी दुभंगावी असं झालं.

वडील फाटकातच थबकले. जावयाकडे बघून म्हणाले, "इंजिन बिघडलं की पूजा घालता वाटतं इथं?" यजमान कानापर्यंत लाल झाले.

तोवर वडील वाकले. त्यांनी फुलं अलगद उचलून सासूबाईंच्या हाती दिली, लाल ठिपक्यांवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "हे कुंकू आहे. याची कणी जाड. शेंदूर घ्यायचा असतो." मग त्यांनी खरवडलेल्या कडा निरखल्या. "कुणाचं काम हे?"

"हिचं," यजमान म्हणाले. "मी नुसता आरसा धरला." खोटं श्रेय घेतलं असतं तर सासऱ्यांच्या नजरेत तेव्हाच वर चढले असते. त्या क्षणी मला ते फार आवडले.

वडिलांनी कोट काढून जावयाच्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि स्वतः आरसा टेकवून पाहिला. तोच एक कोपरा लाल उठला. त्यांनी दगड उचलला, दोनदा घासला आणि थांबले.

"ये इकडे," दगड माझ्यापुढे धरत ते म्हणाले. "असा धरायचा, तिरका. उरलेलं तूच घास."

चुलीवरचा भात त्या दिवशी लागला. वडिलांनी तो न कुरकुरता खाल्ला.