हिर्डोशीची शिळी लस

पहिल्या पोराच्या दंडावर काहीच नव्हतं. दुसऱ्याच्याही नव्हतं. पाचव्या पोराची बाही वर केली, तिथेही कातडी कोरी होती.

हिर्डोशीच्या देवळापुढे बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या. मी तेव्हा भोर तालुक्यात व्हॅक्सिनेटर होतो, म्हणजे देवीची लस टोचणारा. लोक मला देवीडॉक्टर म्हणत. ख्रिस्ती माणसाला हे नाव मिळालं याची माझ्या वडिलांना मोठी गंमत वाटे. ते नगरकडे एका खेड्यात पाळक होते. लस टोचली की आठवड्याने दंडावर फोड यायला हवा. फोड आला की आम्ही म्हणायचो ‘टेक झाली’. फोड नाही, तर त्या पोराला देवीपासून काहीही संरक्षण नाही. त्या दिवशी त्रेचाळीस पोरं तपासली. फोड सहा जणांना होते.

बाकीच्यांना का आले नाहीत, हे मला तिथेच ठाऊक होतं.

आमची लस कोरड्या भुकटीसारखी असे, काचेच्या कुपीत. टोचण्याआधी ती द्रावणात कालवायची. एकदा कालवली की त्याच दिवशी संपवायची, आणि उरेल ती संध्याकाळी उकळून फेकायची. हे शेंबड्या पोरालाही कळावं. आठ दिवसांपूर्वी भाटघरचं काम आटोपलं तेव्हा कालवलेल्या तीन कुप्या उरल्या होत्या. मी दमलो होतो. उद्या फेकू म्हणून त्या थर्मासमध्ये बर्फावर ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी उठायला उशीर झाला, एसटी धावत पकडली, आणि नव्या कुप्यांचा डबा भोरला दवाखान्याच्या कपाटातच राहिला. हे कळलं ते हिर्डोशीत, बस जिथे सोडते तिथून दोन तास चालल्यावर. चैत्राचं ऊन होतं. थर्मासमधल्या बर्फाचं पाणी झालं होतं.

माझ्याबरोबर कोंडीबा होते. दवाखान्यातले अटेंडंट, वय पन्नाशीचं, भोरच्या बौद्धवाड्यातले. थर्मास आणि पिशवी ते वाहत. त्यांनी कुपी उजेडात धरली आणि हळूच म्हणाले, “सायेब, ही कालची हाय. परत जाऊ.”

मी ऐकलं नाही. गावातल्या ठकूबाई सुईणीने घरोघर फिरून बायकांना तयार केलं होतं. बायका राबासाठी, म्हणजे भाताचे वाफे भाजायला, पाला गोळा करायचं काम टाकून आल्या होत्या. आज परत पाठवल्या तर पुन्हा येतील का? थोडी तरी लस लागेलच. इतक्या लांब येऊन हात हलवत जायचं? माझे वडील उपदेशात सांगत, की मोह दारात येतो त्यात पाप नाही, तो सगळ्यांच्याच दारात येतो. त्याला पाट मांडून बसवलं की पाप. लहानपणी मला वाटे, मोह म्हणजे दारू, जुगार, परस्त्री. तो सेवेचं सोंग घेऊन येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. मी लॅन्सेट काढलं. दांडीच्या टोकाला बारीक दात असतात, लसीच्या थेंबावर ठेवून ते फिरवायचं. त्रेचाळीस वेळा फिरवलं.

आणि आता आठव्या दिवशी मी देवळापुढे उभा होतो. ठकूबाईंनी विचारलं, समदं ठीक हाय न्हवं? मी म्हणालो, ठीक आहे, घरी जा. म्हणजे एक पाप पचत नव्हतं, तोवर दुसरं वाढून घेतलं.

परतीच्या वाटेवर चहा घ्यायला थांबलो. वरंध घाटाखालून आलेला एक बैलगाडीवाला सांगत होता, की खाली कोकणातल्या दोन वाड्यांत देवी आल्यात. मी चहा तसाच ठेवून उठलो. हिर्डोशीची माणसं त्याच घाटाने येतात-जातात. कोंडीबा माझ्याकडे बघतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी भोरला मेडिकल ऑफिसरसाहेबांपुढे रजिस्टर ठेवलं. सदतीस नावांपुढे मी ‘टेक नाही’ लिहिलं होतं. साहेब माणूस वाईट नव्हता. माझं काम त्यांना आवडे, आणि मला वाचवायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी बराच वेळ रजिस्टर पाहिलं आणि विचारलं, “थर्मास कोणाकडे होता?”

“कोंडीबांकडे.”

“मग झालं तर. बर्फ सांभाळणं त्यांचं काम. तेवढं लिहून द्या, तुमचं नाव कुठे येणार नाही.”

इतकं सोपं होतं. कागद पुढ्यात होता, पेन त्यांचंच होतं. खोटं सांगत नाही, मी पेन हातात घेतलं. कोंडीबा दाराबाहेर स्टुलावर बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि ते उठून आत येणार नव्हते, हेही मला माहीत होतं. वडील पहिल्या माणसाची गोष्ट सांगत, ती आठवली. बागेत देवाने त्याला मना केलेल्या फळाबद्दल विचारलं तेव्हा त्याने बायकोकडे बोट दाखवलं, बायकोने सापाकडे. वडील म्हणत, फळ खाल्लं म्हणून नुसती बाग गेली; बोट दाखवलं म्हणून माणूस गेला. मला कोंडीबांकडे बोट दाखवायचं नव्हतं.

“साहेब, लस आदल्या दिवशीची होती,” मी म्हणालो. “कोंडीबांनी मला सांगितलं होतं. मी तरीही टोचली.”

साहेब चिडले. मेमो निघेल म्हणाले, बढती विसरा म्हणाले. दोन्ही खरं झालं. मी नव्या कुप्या आणि ताजा बर्फ मागितला, आणि उद्याच हिर्डोशीला जायची परवानगी. ती मिळाली.

साहेबांपुढे बोलणं सोपं होतं. ठकूबाईंपुढे उभं राहणं जड गेलं. देवळापुढे बायका पुन्हा जमल्या आणि मी सांगितलं, की मागची लस शिळी होती, चूक माझी, आज परत टोचतो. देवी टोचल्या की तिकडे फोडाची खपली पडेपर्यंत घरात फोडणी देत नाहीत. अळणी, बेचव खातात, देवीचा मान म्हणून.

ठकूबाई म्हणाल्या, “आमी आठ दिस फोडणी दिली न्हाई, डाक्टर. समदं पाळलं. आन तुमी शिळी लस आनली.”

मी मान खाली घातली नाही. ती घालायची इच्छा फार होती. म्हणालो, “होय. शिव्या द्या, पण पोरं द्या.”

त्यांनी आधी आपला नातू पुढे केला. मग बाकीच्या आल्या. दुपार टळेपर्यंत छत्तीस पोरांना टोचलं. सदतिसावी पोर नव्हती. चंद्रा, वय पाच. आईबाप तिला घेऊन घाटाखाली लग्नाला गेले होते. देवी टोचल्यात आता, म्हणून बिनघोर गेले होते.

खाली निरोप धाडले, पण ते कुठल्या वाडीत आहेत हे नीट कोणाला माहीत नव्हतं. आठवड्याने छत्तीसपैकी चौतिसांना फोड आले, राहिलेल्या दोघांना मी तिसऱ्यांदा टोचलं. चंद्रा परत आली ती तापात. तिला देवी निघाल्या. गावात दुसऱ्या कोणाला निघाल्या नाहीत. ती जगली, पण तिचा डावा डोळा गेला.

मी तिच्या घरी गेलो. कोंडीबा बोलावल्याशिवाय बरोबर आले. आईने पाण्याचा तांब्या ठेवला. मी चंद्राच्या बापाला सगळं सांगितलं, भाटघरच्या त्या संध्याकाळपासून. तो शेतकरी माणूस, उंबऱ्यावर बसून ऐकत होता. मला वाटलं, आता हा मारायला उठेल. उठला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याने विचारलं, “आता दुसऱ्या कुना पोराला न्हाई न्हवं व्हनार?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग बरं,” तो म्हणाला, आणि पोरीला उचलून आत घेऊन गेला.

पापाची क्षमा होते, असं मला लहानपणापासून शिकवलं गेलं, आणि माझा त्यावर विश्वास आहे. माझी झाली असावी. पण केलं मी आणि डोळा गेला चंद्राचा. क्षमा मागताना हा हिशेब कोणी विचारत नाही, म्हणून तो आपला आपण लक्षात ठेवावा लागतो.